बेरियमची बैठक

होटगी रोड, सोलापूर
होळीच्या आधीचा सोमवार

तीर्थस्वरूप वेणीमाधव गुरुजींस,

बापूसाहेबाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (खरोखर ठेवायचं म्हटलं तर आता आधी गुडघ्यांची परवानगी काढावी लागते, म्हणून पत्रातूनच ठेवतो.) आपली तब्येत कशी आहे? यशोदाबाईंच्या पाठीला अकलूजच्या नव्या डॉक्टरांच्या पट्ट्यानं आराम पडला का, की पट्टा खुंटीला आणि पाठ कामाला, असंच चाललंय? आमच्याकडे सगळे खुशाल. सोजरबाईंची साखर वाढली आहे, पण त्या ते मान्य करत नाहीत. माणूस खरं बोलतो, यंत्र खोटं बोलतं, असं त्यांचं मत. नवऱ्यानं बायकोशी सहमत होण्याचे प्रसंग फार येत नाहीत, पण मापात दिसतं ते सगळं अंगात असतंच असं नाही, हे मलाही हल्ली पटलं आहे. त्याचंच हे पत्र. उशीर झाला, त्याचं कारण पुढे येईलच.

आपल्या कानावर एव्हाना काहीबाही आलं असेल, की पुण्याच्या एका मोठ्या संशोधन संस्थेच्या दारात दोन पटकेवाले म्हातारे घोंगडी अंथरून बसले, गर्दी जमली आणि रुग्णवाहिका बोलवावी लागली. त्या दोघांतला एक मी आणि दुसरा धोंडप्पा. (अक्कलकोटकडचा, आमच्याबरोबर होटगीला रेल्वेच्या गँगमध्ये होता. आपण रेल्वेच्या शाळेत मुलांना गणित शिकवायचात तेव्हा हा खिडकीशी उभा राहून ऐकायचा आणि मग मला चुकीचं सांगायचा, तो.) आम्ही कुणाचा निषेध केला नाही, उपोषण तर मुळीच केलं नाही, उलट पहिल्यापासून शेवटपर्यंत खात होतो. आपली लेक त्या संस्थेत एवढ्या मोठ्या हुद्द्यावर, म्हणून खरं काय घडलं ते आपल्याला माझ्याकडून कळावं.

आपण आमच्या नातीला, राजनंदिनीला, आपल्या चेतनाच्या हाताखाली संशोधनाला लावलंत, त्याला चौथं वर्ष चालू आहे. पोर संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेसाठी घरी आली, पण नंदीध्वजांची मिरवणूक बघायला गेली नाही. भाकरी मोडायची आणि ताटात तशीच ठेवायची. सोजरबाईंनी दृष्ट काढली. मिरच्यांचा ठसका आला नाही, म्हणून दृष्ट लई जबर आहे असं ठरवलं. (ठसका आला असता तर चांगली उतरली असं ठरवलं असतं. त्यांचं शास्त्र कधी हरत नाही.) मी पडलो जुना पॉइंट्समन. गाडी का थांबली हे गाडीला विचारून कळत नाही, पुढचा सिग्नल बघावा लागतो. म्हणून मी तिला एवढंच विचारलं, की बाळ, पुण्याला गेल्यावर पहिल्यांदा तुला काय करायचंय? तशी ती रडायलाच लागली. पुण्याला गेल्यावर तिला चेतनामॅडमना सांगायचं होतं, की तुमचं बेरियम चुकलं.

आता गुरुजी, हे बेरियम मला कळलं तेव्हापासून मला झोप नाही, आनंदानं. आपण शिकवणारे आणि मी रुळांचे सांधे बदलणारा, तरी आज उलटा तास घेतो, रागावू नये. ताऱ्याचा उजेड फोडला की इंद्रधनुष्यासारखा पट्टा पडतो आणि त्या पट्ट्यात बारीक काळ्या रेघा असतात. स्टेशनात जशी प्रत्येक गाडीची लाईन ठरलेली, तशी प्रत्येक द्रव्याची रेघ ठरलेल्या जागी. लोखंडाची रेघ सोडियमच्या लाईनवर यायची नाही. आणि साधारणपणे रेघ जितकी ठसठशीत तितका माल जास्त. म्हणजे बघा, जिथं माणूस कधी जाणार नाही अशा ताऱ्यात बेरियम किती, हे ही पोरं इथं बसून सांगतात. मला माझ्या ताटातल्या आमटीत मीठ किती हे तोंडात घालून सांगता येत नाही (विचारलं तर मी कमी म्हणतो आणि डॉक्टर जास्त म्हणतात). तर आपल्या चेतनानं मागं जगाला दाखवून दिलं, की वयानं लहान ताऱ्यांत बेरियम म्हाताऱ्या ताऱ्यांपेक्षा पुष्कळ जास्त दिसतं. हे जास्तीचं आलं कुठून, यावर मोठमोठ्या लोकांनी डोकं खाजवलं. कुणाला उत्तर सापडेना.

राजनंदिनीला वेगळाच धागा सापडला. तरुण तारे स्वतःभोवती गरागरा फिरतात आणि त्यामुळे त्यांच्या अंगात चुंबक जोर धरतो. चुंबक जिथं फार जोरात, तिथं अंगावर काळे डाग येतात. आपल्या सूर्यालाही येतात. तिनं छोट्या आरशावर भोक पाडलेला कागद चिकटवला, अंगणात ठेवला आणि आतल्या खोलीच्या भिंतीवर सूर्याचं बिंब पाडून दाखवलं. त्यावर खरंच एक डाग होता. सोजरबाई उठल्या आणि पदरानं आरसा पुसून आल्या. डाग तसाच राहिला, तेव्हा भिंत पुसली. मग संध्याकाळी शेजारणीला म्हणाल्या की आमच्या घरात सूर्याचा डाग सापडला.

चुंबकाच्या ओढीनं काय होतं, तर एक रेघ फाटते, तिच्या तीन-चार होतात, आणि लांबून बघणाऱ्याला ती एकच पण भरलेली रेघ दिसते. आम्ही मेंढरावाले, आम्हाला हे एका क्षणात कळतं. बाजारात मेंढा विकायला आणणारा हुशार माणूस काय करतो? गिऱ्हाईक समोर आलं की हळूच दुसरा मेंढा पुढ्यात आणतो. झालं. आपला मेंढा खवळतो, मान फुगवतो, लोकर पिंजारतो, आणि गिऱ्हाईकाला वाटतं, काय जनावर आहे. घरी आणून पाणी पाजून उभं केलं की तेवढंच हडकुळं. खवळलेल्या मेंढ्याची वरची लोकर फुगते, खालचं मांस आहे तेवढंच राहतं. ताऱ्याचंही तेच. बेरियमची ती रेघ ताऱ्याच्या वातावरणात अगदी वरच्या थरात उमटते, म्हणजे लोकरीत. लोखंडाच्या काही बारीक रेघा खोल उमटतात, म्हणजे मांसात. चुंबक खवळला की लोकरीतली रेघ फुगते, मांसातली फारशी हलत नाही. (हे सगळं एकट्या चुंबकाच्या ओढीनं होतं की त्याच्या संगतीनं आणखी काही घडतं, यावर अजून वाद आहेत. राजनंदिनीनं हे वाक्य घालायलाच लावलं.) तिनं एकच तारा धरला, त्याची बऱ्याच वर्षांची मापं काढली. ज्या वर्षी डाग जास्त, त्या वर्षी बेरियम जास्त. डाग ओसरले की बेरियम ओसरलं. आता सांगा गुरुजी, तारा काय उन्हाळ्यात बेरियम खातो आणि हिवाळ्यात टाकतो व्हय?

पण पोर घाबरली होती. गाईडचं ज्यावर नाव झालं तेच खोडायचं, तेही चौथ्या वर्षी, पदवी तोंडाशी आलेली. मॅडमचं मन फिरलं तर पुढं कोण उभं करेल? सांगावं तर ही भीती, न सांगावं तर खोटं लिहावं लागतं. मला वाटलं, अरे, ही तर भावकीतली अडचण झाली. बांध कुठला हे सगळ्यांना दिसतंय, पण बोलायचं कुणी? अशा वेळी आमच्यात दोन जाणती माणसं जातात, घोंगडी अंथरतात आणि सगळ्यांना तिच्यावर बसवतात. घोंगडीवर बसलेला माणूस मध्येच उठून जात नाही आणि घोंगडीवर आवाज चढवत नाही, असा दंडक. शेताचे, सोयरिकीचे, विहिरीच्या पाळीचे तंटे असे मिटतात, मग बेरियमचा का मिटू नये? राजनंदिनीला काही कळू दिलं नाही. ती पुण्याला परत गेली आणि मी धोंडप्पाला गाठलं, कारण मध्यस्थी एकट्यानं करत नाहीत.

धोंडप्पा तयार होताच. बेरियम म्हणताच म्हणाला, मला सांगू नको, मला सगळं ठाऊक आहे. त्याच्या पोटाचा फोटो काढायच्या आधी दवाखान्यात त्याला बेरियमचं पाणी पाजलं होतं, त्या जोरावर तो या विषयातला जाणकार. सोजरबाईंनी कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि लसूण बांधून दिला, पण तोंड सोडलं नाही. "तुमी काय तितं सोयरीक जुळवाय निगालाव? ती शिकलेली माणसं हायती. बसतील व्हय तुमच्या घोंगडीवर?" मी म्हटलं, चेतना लहानपणी आपल्याच अंगणात याच घोंगडीवर रांगली आहे. त्यावर म्हणाल्या, तवा तिला उटून पळता येत नव्हतं.

सकाळच्या गाडीनं पुण्यात उतरलो, संस्थेच्या फाटकाशी पोचलो. पहारेकऱ्यानं विचारलं, भेटीची वेळ घेतली आहे का? आता घरच्या माणसाला भेटायला वेळ घेणं मला बरं दिसेना. म्हटलं, नाही, पण आम्ही थांबतो. त्यानं सावलीत थांबा म्हटलं. सावली होती ती मुख्य दाराच्या पायऱ्यांपाशी. तिथं आम्ही घोंगडी अंथरली, पटके नीट केले आणि मांडी घालून बसलो. एवढंच आम्ही केलं. पण गुरुजी, मोठ्या इमारतीच्या दारात दोन म्हातारे घोंगडी टाकून बसले की लोकांना त्याचा एकच अर्थ ठाऊक असतो.

आधी एक साहेब आले, फार सभ्य. उकिडवे बसले आणि म्हणाले, आजोबा, तुमच्या मागण्या काय आहेत? मी गोंधळलो. मध्यस्थीत पहिली रीत अशी, की ज्याचं आहे त्यालाच सांगायचं, चावडीवर फोडायचं नाही. म्हणून म्हटलं, आम्हाला चेतनाताईंना भेटायचंय, बेरियमबद्दल बोलायचंय. साहेबांनी विचारलं, कुठून आलात? सोलापूर. तिकडं बेरियम वाढलंय का? मी खरं तेच सांगितलं, की वाढलंय असं दिसतंय, पण ते मुळात जास्त नाही, आणि ते जास्त नाही हे सगळ्यांनी मान्य करावं एवढीच आमची इच्छा आहे. साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी हळूच विचारलं, तुमच्यापैकी कुणाच्या पोटात गेलंय का? तेव्हा धोंडप्पा, जो आतापर्यंत तोंड उघडायची संधी शोधत होता, छाती पुढे काढून म्हणाला, "मी पेलोय की. गिलासभर. चुन्यावानी लागतंय."

यानंतर जे झालं त्याला आम्ही जबाबदार नाही. कुणी रुग्णवाहिकेला फोन केला, कुणी आमच्या पाण्याच्या बाटलीतलं पाणी तपासायला नेलं (ते स्टेशनवरच्या नळाचं होतं), आणि एक तरुण डॉक्टर धोंडप्पाची जीभ बघू लागला. धोंडप्पाला इतक्या आपुलकीनं आजवर कुणी विचारलं नव्हतं, त्यामुळे तो प्रत्येक प्रश्नाला त्याच्या कानडीत हौदु, हौदु, म्हणजे होय, होय, करत गेला. चक्कर येते? हौदु. पोटात दुखतं? हौदु. मी खुणावलं तर मला म्हणतो, खरंच दुखतंय, सकाळपासून गाडीत वडेच खाल्लेत. तेवढ्यात दोन-चार विद्यार्थी येऊन शेजारी जमिनीवर बसले, आमचा पाठिंबा आहे म्हणाले. त्यातल्या एकानं विचारलं, काका, तुमच्या मागण्यांत मेसच्या पोळ्या घालता येतील का? मी त्याला कडक भाकरी दिली. ती चावून झाल्यावर त्यानं मागणी मागे घेतली.

आणि मग चेतना आली. गर्दी बाजूला करत, डोळ्यांवर चष्मा, हातात चहाचा कप. मला बघितलं आणि "बापूकाका?" म्हणून तिथंच थांबली. मी घोंगडीवर हात थापटला. आपली लेक, गुरुजी, चपला काढून बसली. सगळ्या संस्थेसमोर बसली. मला तिथंच अर्धी लढाई जिंकल्यासारखं वाटलं.

मी रीतीनं सुरुवात केली. आपली ख्यालीखुशाली, अकलूजचं पाणी, पाऊस, मग मेंढरं, आणि मग खवळलेला मेंढा. मी लोकरीपर्यंत पोचलो असेन, तेवढ्यात तिचा कप खाली गेला. तिला कळलं. मेंढ्याचं शेपूट यायच्या आधीच कळलं. तोंड लाल झालं, मान ताठ झाली. अशा वेळी मध्यस्थानं बोलायचं नसतं. धोंडप्पानं मात्र तिच्या हातात लसणाची पाकळी दिली. तिनं ती घेतली, बघितली, आणि मला एवढंच विचारलं, "कोणता तारा?"

ते मला कुठलं सांगता येतंय. त्यांच्या ताऱ्यांना नावं नसतात, नंबर असतात, इंजिनांसारखे. राजनंदिनीला बोलावणं गेलं. पोर धावत आली आणि तिनं जे दृश्य बघितलं, गाईड घोंगडीवर, आजोबा समोर, धोंडप्पाच्या दंडाला रक्तदाब मोजायचा पट्टा, त्यानं ती वरच्या पायरीलाच अडकली. पण तिलाही बसावंच लागलं. लॅपटॉप भाकरीच्या फडक्यावर उघडला. पुढं दोघी ज्या भाषेत बोलल्या त्यातलं मला थोडंच कळलं, पण भांडण कुठल्या वळणावर आहे हे बांधावर उभ्या असलेल्या माणसाला शब्दांवाचून कळतं. चेतनानं तिला चहूबाजूंनी घेतलं. दुर्बिणीचं यंत्र हललं असेल. ताऱ्याची उष्णता चुकीची धरली असशील. पोर आधी अडखळत, मग सरळ बसून, एकेकाचं उत्तर देत गेली. शेवटी म्हणाली, "मॅडम, डाग वाढले की वाढतंय, सरले की सरतंय. तारा तोच आहे."

चेतनानं तो आलेख मागे-पुढे सरकवून पुन्हा पुन्हा बघितला. रुग्णवाहिकेवाल्यानं आपला दिवा बंद केला. मग ती म्हणाली, "म्हणजे बेरियम नाही. आपण फसलो." आणि लसणाची पाकळी खाली ठेवत, "आपण नाही. मी." राजनंदिनी काही बोलायला गेली, तर तिला थांबवून म्हणाली, की एका ताऱ्यावर मी माझं म्हणणं सोडत नसते, आणखी तारे आण, माझेच जुने तारे आण, त्यांची मापं आपण दोघी मिळून पुन्हा काढू. आणि पुन्हा मला काही सांगायचं असेल तर स्वतः सांग, आजोबांना कशाला त्रास? पोरीचा चेहरा असा उजळला की काय सांगू. संक्रांतीपासून न खाल्लेल्या सगळ्या भाकऱ्या तिनं तिथं बसून खाल्ल्या असं म्हणलं तरी चालेल.

तर गुरुजी, बैठक अशी पार पडली. आपल्या लेकीच्या दारात आम्ही तमाशा केला असं कुणी सांगितलं, तर तो तमाशा नव्हता, सलोखा होता. तिच्याबद्दल आपल्याला अभिमान वाटावा असंच ती वागली. लहानांना आशीर्वाद, यशोदाबाईंना नमस्कार, आणि पाठीच्या पट्ट्याचं काय झालं ते जरूर कळवा.

आपला,
बापूसाहेब

ता.क. संस्थेकडून घरी पत्र आलं आहे, की आपल्या परिसरातल्या पाण्याचा नमुना तपासणीसाठी पाठवावा. मी खुलासा लिहायला बसलो होतो, पण सोजरबाईंनी बोअरचं पाणी भरून बाटली रवाना केली. तपासून मिळतंय तर का सोडा, म्हणाल्या.

ता.क. दुसरा. वरचं ताऱ्याचं सगळं राजनंदिनीला फोनवर वाचून दाखवलं. अर्धं बरोबर आहे म्हणाली. कोणतं अर्धं, ते वयाला मान देऊन सांगितलं नाही.

ता.क. तिसरा. हे पोरीला दाखवलेलं नाही. गुरुजी, मी इतका वेळ बांधाबांधानं फिरलो, आता शेतात उतरतो. त्या दिवशी चेतना आम्हाला फाटकापर्यंत सोडायला आली. धोंडप्पा पुढं गेल्यावर मला म्हणाली, "काका, जगाला मी सांगीन. लेख लिहीन, त्यात माझं चुकलं हे माझ्याच नावानं लिहीन. पण बाबांना कसं सांगू? माझ्या बेरियमची पेपरातली बातमी त्यांनी चौकट करून बैठकीच्या खोलीत लावली आहे. येईल त्याला दाखवतात. तुम्ही सांगाल का?" मी हो म्हणून आलो, आणि महिनाभर पत्र लिहिलं नाही. वाटलं, आणखी तारे मोजून होऊ देत, एखादा तरी तिच्या बाजूनं बोलेल. काल राजनंदिनीचा फोन आला. एकही तारा बोलला नाही. म्हणून आज लिहितो. आपल्या लेकीचं ते बेरियम गेलं, गुरुजी. तिनं स्वतः बसून घालवलं.

येत्या रविवारी ती अकलूजला येते आहे. ती विषय काढणार नाही. ऊस कसा आहे विचारेल, आईची पाठ चेपेल आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जाईल. तेव्हा विषय आपणच काढावा. आणि ती यायच्या आधी चौकट उतरवून ठेवू नका. उतरवलेल्या चौकटीची भिंतीवर पांढरी खूण राहते, ती चौकटीपेक्षा जास्त दिसते. त्यापेक्षा चौकटीच्या शेजारी एक खिळा मारून ठेवा, रिकामा. ती विचारील, बाबा, हा कशाला? तेव्हा सांगा, तुझ्या नव्या लेखाला. खिळा जरा भक्कम घ्या, दोघींची नावं आहेत, चौकट मोठी होईल.